नादारी ते महाडीबीटी

'नादारी' हा शब्द आताच्या मुलांना ठाऊक असेल असं वाटत नाही. शाळेच्या जुन्या दप्तरात मात्र तो जागोजागी सापडतो. 'अर्जदार गरीब असून नादारी मिळावी ही विनंती'. दार म्हणजे असलेला, नादार म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. शब्द फारसी. मुंबई इलाख्यात तो होता आणि आमच्या निजामी मुलखात तर असणारच. म्हणजे शाळेत फी माफ करून घ्यायची तर आधी 'माझ्याकडे काही नाही' असं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं आणि वर हेडमास्तरांची सही घ्यायची. मला वाटतं तेव्हापासून आजपर्यंत या कामाचं स्वरूप फारसं बदललेलं नाही. कागदाचं नाव तेवढं बदलत गेलं.

हे लिहायला निमित्त झालं ते पुतणीच्या फोनचं. ती न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा तिकडे बारावीला आहे आणि तिनं कॉलेजच्या अर्जांबद्दल, मदतीच्या पैशांबद्दल तासभर सांगितलं. तिकडे एक 'फाफ्सा' नावाचा सरकारी फॉर्म असतो. आई-बापाची मिळकत त्यात भरायची आणि त्यावरून कोणाला किती मदत द्यायची ते ठरतं. हा फॉर्म सोपा करायचा म्हणून त्यांनी नवा काढला, तर तो नेहमीपेक्षा जवळजवळ तीन महिने उशिरा, २०२३ च्या डिसेंबरअखेर खुला झाला आणि त्यातही इतक्या अडचणी आल्या की पुढचे कित्येक महिने मुलं आणि कॉलेजं खोळंबून राहिली. मी म्हणालो, "अगं, मग तुमची अमेरिका आमच्या भोकरदन तालुक्यासारखीच की!" ती हसली. पण एक फरक तिनं सांगितला तो डोक्यात राहिला. तिकडच्या हायस्कुलात या कामासाठी पगारी माणूस असतो, त्याला कौन्सेलर म्हणतात. आपल्याकडे हे काम आजवर कोणी केलं, त्याचा थोडा इतिहास आज सांगतो. केदारखेड्याच्या बाजूनं सांगतो, कारण आयुष्य इथेच गेलं.

आमचा हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. जालना जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १ मे १९८१ ला झाला. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. संस्थानात उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं. शिक्षणाचं माध्यम उर्दू. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं कौतुक होतं आणि ते खोटं नाही. पण ज्याच्या घरात मराठी त्याला ती देशी भाषाही परकीच. औरंगाबादला १९२३ साली सरकारी इंटरमीजिएट कॉलेज निघालं, तेही उस्मानियाच्या अखत्यारीत. खेड्यातल्या मुलाला तिथवर पोचायचं तर आधी उर्दू, मग औरंगाबादेत राहण्याची सोय, मग फी. माझे वडील उर्दू चार इयत्ता शिकले आणि थांबले. पुढे का नाही गेलात असं विचारलं तर म्हणायचे, "पुढं रस्ताच नव्हता." पूर्णेला पाणी आलं की पलीकडे जाता येत नसे तो काळ, त्यामुळे लहानपणी मला ते खऱ्या रस्त्याबद्दलच बोलतात असं वाटायचं.

ज्यांना रस्ता सापडला त्यांचाही तो कसा बंद होई, याची एक गोष्ट आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात उस्मानियाच्या वसतिगृहांतली मुलं प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणू लागली. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच झालं. बंदी आली, मुलांनी ऐकलं नाही, आणि शेकडो मुलांना काढून टाकण्यात आलं. वर्षाच्या मध्यात नाव कमी झालेल्या मुलाला कोण घेणार? नागपूर विद्यापीठानं घेतलं. कुलगुरू होते टी. जे. केदार. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह रावही याच चळवळीतून नागपूरकडे गेले. केदार हे नाव आणि आमच्या गावाचं नाव यांचा काही संबंध नाही, तरी वर्गात हा धडा शिकवताना मी तो जुळवून सांगायचो आणि पोरं खूश व्हायची. प्रवेश या गोष्टीचं महत्त्व त्या उदाहरणानं पटकन कळतं. एका माणसानं एक दार उघडं ठेवलं म्हणून कितीतरी आयुष्यं वाया जायची वाचली.

पैशाच्या बाबतीत मात्र एकट्या-दुकट्या दात्यावर भिस्त ठेवून भागत नाही. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९१२ साली बी.ए. झाले, १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यापोटी बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार होता. हे आपण भाषणांतून ऐकतो. त्याच्या पुढचा भाग कमी ऐकतो. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले तेव्हा त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक निवेदन सरकारला दिलं आणि त्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. त्यातून १९४४ पासून मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्याकडे तिला सगळे 'जी.ओ.आय.' म्हणतात. ज्याला स्वतःला एका राजाच्या मर्जीनं शिकायला मिळालं त्यानं पुढच्यांना कोणाच्या मर्जीवर ठेवलं नाही, हक्काचा अर्ज दिला. मला हा फरक फार मोठा वाटतो. राजाकडे सगळ्यांनाच जाता येत नाही. अर्ज कोणालाही भरता येतो, निदान तत्त्वतः तरी.

मग १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. नांदेडचं पीपल्स कॉलेजही १९५० चंच, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेचं. त्याआधी संबंध मराठवाड्यात औरंगाबादचं ते एक सरकारी कॉलेज, एवढंच. २३ ऑगस्ट १९५८ ला नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी जालन्याला जे.ई.एस. कॉलेज निघालं. १९६० ला औरंगाबादेत सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. म्हणजे माझ्या वडिलांना जो रस्ता नव्हता तो मी शाळेत जायला लागेपर्यंत तयार झाला होता. आता प्रश्न होता चालण्याचा खर्च कोण देणार.

त्याचं उत्तर म्हणजे ई.बी.सी. १९६० च्या सुमाराला, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना, ज्यांचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत आहे त्यांच्या मुलांना फी माफ झाली. जात विचारायची नाही, उत्पन्न विचारायचं. आज तो निर्णय साधा वाटतो, पण माझ्या पिढीतल्या शेतकऱ्यांच्या पोरांना विचारा. आमच्यातले निम्मे शिक्षक, कारकून, ग्रामसेवक त्या तीन अक्षरांनी घडवले.

मी १९६७ साली जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, पास झालो आणि जालन्याला पी.यू.सी.ला गेलो. ई.बी.सी.च्या फॉर्मला तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला लागे. आमची जमीन कागदावर बारा एकर. सातबारा बघणाऱ्याला वाटावं की घरात तूप-रोटी आहे. त्यातली नऊ एकर मुरमाड, विहिरीला उन्हाळ्यात तळ दिसायचा. कोरडवाहू शेताचं उत्पन्न नक्की किती, हे देवालाही सांगता येणार नाही. पाऊस पडला तर दोन हजार, नाही पडला तर उलट कर्ज. पण कागदाला एक आकडा लागतो. मग दाखल्यावर अकराशे लिहिले जायचे. आमच्या अख्ख्या पंचक्रोशीचं उत्पन्न अकराशे ते अकराशे नव्व्याण्णव यांच्यामध्ये कुठेतरी होतं! हसण्यावारी नेऊ नका, त्यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. नोकरदाराचा पगार मोजायला तयार झालेला नियम शेतकऱ्याला लावला की असं होतं. आजही शेतकऱ्याच्या उत्पन्नाच्या दाखल्यात तोच गोंधळ आहे, आकडे तेवढे वाढले.

माझ्याबरोबर खोलीत दोन मुलं होती, दोघंही जी.ओ.आय.वाली. शिष्यवृत्ती मंजूर असायची, पण हातात पडायची ती परीक्षेच्या तोंडावर. जूनमध्ये कॉलेज सुरू, पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधले आठ महिने काय खायचं याचं उत्तर कोणत्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. खाणावळवाला उधारीवर जेवू घालायचा, त्याच्या वहीत पानंच्या पानं भरलेली. घरून भाकरीचं गाठोडं एस.टी.च्या ड्रायव्हरकडे दिलं जायचं आणि स्टँडवर उभं राहून ते घ्यायचं. या दोघांपैकी एकजण पुढे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला. तो म्हणतो, माझी शिष्यवृत्ती खरं तर त्या खाणावळवाल्यानं दिली, सरकारनं नंतर ती परत केली. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडच्या मदतीची सगळी खोच त्या उशिरात आहे. जो दम धरू शकतो त्याला मदत मिळते, आणि दम धरायला आधी थोडे तरी पैसे लागतात.

शहरात राहण्या-जेवण्याचा प्रश्न पूर्वीपासूनचाच. ब्राह्मणांची गरीब मुलं पुण्यात वार लावून जेवत, माधुकरी मागत. बाकीच्या जातींच्या मुलांना ती सोयही नव्हती. म्हणून शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही कल्पना रुजवली. १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तिच्या वसतिगृहांत खेड्यातली मुलं-मुली आजही राहतात. माझ्या ओळखीतली दोन-तीन मुलं तिथे राहून शिकली. आमच्या मराठवाड्यात अशा सोयी उशिरा आणि कमी झाल्या. शिक्षणाचा अनुशेष म्हणतात तो नुसता कॉलेजांच्या संख्येत मोजू नये, शहरातल्या खाटा मोजाव्यात.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल पूर्वी लिहिलं आहे, इथे एवढंच सांगतो. त्या वर्षी कॉलेजातली मुलं सुट्टीला घरी आली ती परत गेली नाहीत, खडी फोडायला बसली. पुढच्या वर्षी मी नोकरीला लागलो तेव्हा पहिलं जादा काम कोणतं केलं असेल तर ते म्हणजे अशा चार-पाच मुलांच्या घरी जाऊन त्यांना परत पाठवायला आई-वडिलांना तयार करणं. तीन गेली. दोघांचं शिक्षण तिथेच संपलं. १९७४ साली मराठवाड्यात विद्यार्थ्यांचं जे विकास आंदोलन पेटलं, वसमतला गोळीबार झाला, त्यामागे ही दुष्काळातून आलेली, शिकून रिकामी बसलेली पिढी होती, हे विसरून चालत नाही.

१९७५ पासून दहावी आली, मग बारावी. तोपर्यंत मॅट्रिक झाला की कॉलेज, इतकं सोपं गणित होतं. आता मधे एक पायरी वाढली आणि बारावीच्या मार्कांवर सगळं ठरू लागलं. आम्ही शिक्षक मंडळी जून महिन्यात एक प्रकारचे मुनीम व्हायचो. डी.एड.चे फॉर्म, आय.टी.आय.चे फॉर्म, कॉलेजचे फॉर्म. नव्वदच्या दशकात डी.एड.ची काय लाट होती! एका मुलीला ऐंशी टक्क्यांच्या वर मार्क होते. वडील म्हणाले, दोन वर्षांत नोकरी लागेल तर पाठवतो, तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला नाही. तिला शास्त्रज्ञ व्हायचं होतं की नाही ते मला माहीत नाही, तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती शिक्षिका झाली, उत्तम शिक्षिका झाली. पण गरिबाच्या घरात कोर्स निवडताना पहिला प्रश्न 'किती वर्षं' हा असतो आणि दुसरा 'किती पैसे'. आवड तिसऱ्या नंबरावर, तीही मुलगा असेल तर.

वैद्यकीय प्रवेशाचा एक वेगळा अध्याय आहे. राज्यात अनेक वर्षं सत्तर-तीसचं सूत्र होतं. ज्या विभागात कॉलेज त्या विभागातल्या मुलांना सत्तर टक्के जागा, बाकी महाराष्ट्राला तीस. मराठवाड्यात मेडिकल कॉलेजं कमी. औरंगाबादचं १९५६ चं, मग अंबाजोगाई, नांदेड, लातूर. त्यामुळे आमच्या मुलाला जास्त मार्क असूनही तो बाहेर राही. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे, पण जालन्यासारख्या, स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज नसलेल्या जिल्ह्याला तेव्हा ते न्यायाचंच वाटलं. आता जालन्यालाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे, ९ ऑक्टोबर २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची, म्हणजे आय.सी.टी.ची शाखाही २०१८ पासून जालन्यात आहे. भोकरदन तालुक्यातल्या किती घरांना हे माहीत आहे, असा प्रश्न मला पडतो.

आणि निजाम पुन्हा आला तोही प्रवेशाच्याच वेळी! २००० नंतर कायद्यानं जातीच्या दाखल्याबरोबर पडताळणीचं प्रमाणपत्रही लागू लागलं. मग आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधणं आलं. ज्यांचे पणजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांनी काय शोधायचं? २०२३ साली आमच्याच जिल्ह्यातल्या आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं उपोषण झालं, त्यानंतर कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळचे उर्दू आणि मोडीतले कागद उघडले गेले. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटिअरसंबंधीचा शासन निर्णयही निघाला. या वादात मी इथे पडत नाही, घराघरांत दोन्ही बाजू आहेत. मला आश्चर्य वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. ज्या उर्दूमुळे माझ्या वडिलांचं शिक्षण थांबलं, त्या उर्दूतला कागद वाचणारा माणूस शोधत आता नातवंडं फिरताहेत, कारण कॉलेजच्या प्रवेशाला तो हवा.

आता आजचं. २०१८ पासून बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आहेत. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, खुल्या वर्गातल्या मुलांना व्यावसायिक कोर्सची निम्मी शिक्षण फी मिळते. अनुसूचित जातीच्या मुलांना जी.ओ.आय. आहेच, तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. आणि जुलै २०२४ च्या निर्णयानं आठ लाखांच्या आतल्या ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. माझ्या वेळी हे असतं तर ती ऐंशी टक्केवाली मुलगी कुठे असती कोण जाणे. नातेवाइकांपैकी ज्यांच्या मुली यंदा बारावीला आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावं. हा लाभ सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या प्रवेशालाच आहे, संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला नाही. घाबरून आधीच कोट्यात पैसे भरून मोकळे होऊ नका. वसतिगृह आणि खाणावळ यांचा खर्च त्यात येत नाही, तो धरून चला.

माझ्या ओट्यावर अजून मुलं येतात. मला कॉम्प्युटर बेताचाच येतो, पण कागद वाचता येतो. बहुतेकांची गाडी अडते ती अगदी साध्या जागी. आधारवर नाव एक, दहावीच्या मार्कमेमोवर दुसरं. कुठे आईचं नाव चुकलेलं, कुठे आडनाव आधी. अर्जात बँकेचं पासबुक एक जोडलेलं, आणि आधार जोडलेलं खातं भलतंच, लहानपणी शाळेनं काढून दिलेलं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं. पैसे त्या आधारच्या खात्याकडे निघतात आणि परत जातात. मुलगा सहा महिने 'मंजूर' हा शब्द बघत बसतो. ओ.टी.पी. ज्या मोबाइलवर येतो तो मोबाइल ऊसतोडीला गेलेल्या बापाच्या खिशात. अशा वेळी नियम कितीही चांगला असो, उपयोग काय? म्हणून मी दहावीपासूनच सांगतो, आधार, मार्कमेमो आणि बँक, तिन्ही ठिकाणी नावाचं एकच स्पेलिंग करून घ्या. हे काम दिवाळीच्या सुट्टीत होतं, जूनच्या गर्दीत होत नाही. उत्पन्नाचा दाखलाही एप्रिलमध्येच काढावा.

दुष्काळी तालुक्यात परीक्षा फी माफ होते, हेही पुष्कळांना माहीत नसतं. २०२३ च्या दुष्काळात जे चाळीस तालुके जाहीर झाले त्यात भोकरदन होता. फी आधी भरलेली असते, ती परत मिळण्यासाठी खात्याचा तपशील शाळेत द्यावा लागतो. रक्कम चार-पाचशेच्या घरातली म्हणून लोक सोडून देतात. मी सोडू देत नाही.

गावात आता एक मुलगी फॉर्म भरायचं केंद्र चालवते. स्वतः बी.कॉम., जी.ओ.आय.वर शिकलेली. पन्नास रुपये घेते, ज्याच्याकडे नाहीत त्याचे वहीत लिहून ठेवते. पहिल्या वर्षी फॉर्म भरलेल्या मुलांची यादी तिनं भिंतीवर लावली आहे, कारण दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा करावा लागतो आणि निम्मी मुलं तेच विसरतात. यादीत नावापुढे फोन नंबर नाही, कोणाच्या घरी निरोप द्यायचा ते लिहिलंय. गेल्या आठवड्यात त्यातल्या अकरा नावांपुढे अजून खूण व्हायची होती. त्यातली चार आमच्या गल्लीतली आहेत, त्यांच्याकडे मी जाऊन येतो असं तिला सांगितलं आहे.